दोडक्याच्या मांडवावरची करणी

ती केस आठवली की अजून डोकं फिरतं, आणि जास्त करून माझ्यावरच.

मी खालापूरला जमादार होतो. शाळा चौथी. सत्तरच्या दशकातली गोष्ट. भातलावणी उरकलेली, पावसानं उघडीप दिलेली. मोहोपाड्याकडच्या एका गावातली बाई ठाण्यात आली, हातात दोडक्याचा वेल. पानं अशी मुरडलेली, जशी कोणी मुठीत चुरगाळून सोडली.

"सायेब, जावंनं करणी केली. आख्खा मांडव गेला."

जाऊ म्हणजे धाकट्या दिराची विधवा बायको, शेजारच्याच घरात राहणारी. गावानं तिला विहीर बंद केली होती. गाव सोड म्हणून बजावलंही होतं.

करणीचं कलम मला म्हाईत नाय. मी आपलं जाडं पुस्तक काढून पानं उलटत बसलो. वाचता कमी यायचं, पण पानं उलटली की फिर्यादीला बरं वाटतं.

त्यात टपरीवरचा आमचा खबऱ्या कानाला लागला. "धाकटी रोज पहाटे मांडवाखाली जायची." झालं! मला बढतीच दिसली. तिला ठाण्यात आणून बसवली.

"मांडवाखाली कशाला जायचीस गं?"

"पाण्याला, विहीर बंद व्हायच्या आधी. वाट तिथनंच हाय."

"करणी येते का तुला?"

"आली असती तर पयली तुमची मिशी गळली असती."

शिपाई हसला. मी त्याच्यावर खेकसलो. संध्याकाळपर्यंत तेच प्रश्न फिरवून विचारले, तिनं तीच उत्तरं दिली. दमलो मीच, आणि तिला घरी सोडली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पंचनाम्याला गेलो. वारा सुटलेला. थोरलीचा, म्हणजे फिर्यादी बाईचा, नवरा पाठीला पंप लावून बांधावर उभा.

"सायेब, तुमचं चालू द्या. गेल्या आठवड्यात अर्धं खाचर झालं, अर्धं ऱ्हायलंय."

"कसलं औषध रं?"

"तणाचं. भाताला काय करत नाय, रुंद पानाचं तेवढं मारतं."

मी मान डोलवली आणि लिहायला बसलो! एवढी अक्कल.

आमच्याकडं भात उपणताना वाऱ्याला पाठ करतात आणि सूप उंच धरतात. यानं फवारतानाही तेच केलं. नळी डोक्याच्या वर. कोंडा उडावा तसं औषध घराकडं निघालं आणि माझ्या तोंडावर, चष्म्यावर, पंचनाम्यावर येऊन बसलं. शाई पसरली. तोंड कडूजहर.

"थांबव रं ते! पार मांडवापर्यंत येतंय!" मी ओरडलो, आणि मग मी काय बोललो ते माझं मलाच कळलं.

मांडव नीट बघितला. खाचराकडचे वेल मुरडलेले, घराच्या आडोशाचे ठणठणीत. मग धाकटीच्या परसात गेलो. तिची मिरची, भेंडी, भोपळा, सगळं तसंच मुरडलेलं. भाजी विकून तिचं पोट चालायचं. ते कोणी बघितलंच नव्हतं. मी पण नाय.

"काल बोलली का नायस गं?"

"तुमी इचारलंत कुठं? करणी येते का, एवढंच चाललेलं."

थोरली नवऱ्यावर धावली, "मेल्या, माझा मांडव!"

मी म्हटलं, "बाई, भांडण मागनं. आधी विहीर."

गावासमोर थोरलीच्या हातानं जावेची कळशी भरून घेतली. माफी काय तिच्या तोंडून निघाली नाय. धाकटीनं कळशी कमरेला घेतली आणि माझ्याकडं बघितलं.

"पाणी मिळालं सायेब. आता शिंपू कशावर?"

पुढं नोकरीभर एक नेम पाळला. ज्याच्यावर आळ, त्याच्या परसात आधी जायचं, त्याचं काय गेलंय ते बघायचं, प्रश्न मग. तिच्या परसात आदल्या दिवशी गेलो असतो, तर निदान उरलेल्या अर्ध्या खाचराची फवारणी तरी थांबली असती.