लोट्यातलं जस्त

सानगडीच्या तेजरामने भंडाऱ्यातल्या एका पितळी भांड्यांच्या कारखान्यात भट्टीवर सतरा वर्षं काढली. आधी मुशीत चौदा किलो तांबं वितळवायचं, मग सहा किलो जस्त, आणि वर पावभर जास्तीचं. जस्त पडलं की मुशीतून पांढरा धूर उसळायचा. तेवढा वेळ श्वास धरायचा, ढवळायचं, बाजूला व्हायचं, मग सोडायचा. कितीही धरला तरी थोडा धूर आत जायचाच. संध्याकाळी हुडहुडी भरायची. भट्टीवाले त्यावर गूळ खात. १९७८ पासून तेजरामचं गुळाने भागेना. चार पायऱ्या चढल्या की छातीत शिट्टी वाजायची.

त्याच वर्षी कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा निघाली. मॅट्रिक पास हवा आणि तोंडी परीक्षा. तेजराम दुसऱ्या खेपेला का होईना, मॅट्रिक झाला होता. जागा मिळाली तर भट्टी सुटणार होती. त्याने रसायनाचं जुनं पुस्तक मिळवलं आणि धातूंचे ऑक्सिडेशन नंबर, म्हणजे कुठला धातू किती इलेक्ट्रॉन गमावतो ते, पाठ करू लागला. तांबं एक किंवा दोन, जस्त दोन, लोखंड दोन किंवा तीन.

त्याची बायको धुरपता चिंचेने लोटा घासत ऐकायची.

"इतका तं तुमी देवाचाबी जप नाही केला."

"पास झालो तं धूर सुटंल."

"मंग करा. मी नाही हासत."

परीक्षा घेणार होते कारखान्याचे रसायनतज्ज्ञ मधुकरराव. त्यांनी टेबलावर कारखान्याचाच एक लोटा ठेवला.

"तेजराम, यातल्या जस्ताचा ऑक्सिडेशन नंबर किती?"

"दोन, साहेब."

"तांब्याचा?"

"एक, नाही तं दोन."

मधुकररावांनी पेन उचललं, पण काही लिहिलं नाही.

"पुस्तक राहू दे. पावभर जस्त जास्त का टाकतोस?"

"जळते ना जी."

"जळून जातं कुठं?"

"धुरात. मुशीच्या काठाले पांढरी राख बसते."

"त्या राखेत जस्ताने ऑक्सिजन धरला, दोन इलेक्ट्रॉन गमावले. तिथं नंबर दोन. आणि लोट्यात?"

तेजराम लोट्याकडे पाहत राहिला. धुरपता घरचा लोटा घासायची तेव्हा वर चढलेला हिरवा थर सगळा चिंचेत उतरायचा आणि खालून पितळ निघायचं, चकचकीत. जळलेलं असतं तर चमकलं असतं का?

"लोट्यात जळलंच नाही, साहेब. धातूचा धातूच हाये. दोघाईचा शून्य."

"सतरा वर्षं हातांना ठाऊक होतं," मधुकरराव म्हणाले आणि लिहिलं.

जागा मिळाली. पहिल्या सोमवारी त्यांनी काम दाखवलं. पितळेचा कीस बरोबर एक ग्रॅम तोलायचा, नायट्रिक आम्लात विरघळवायचा. द्रव निळा झाला की समजायचं, तांबं आता शून्यावरून दोनवर गेलं. मग ते किती आहे ते काढायचं.

कीस आम्लात पडला आणि तपकिरी धूर उसळला. धूर ओढणारा पंखा केव्हाचा बंद होता. तेजरामने श्वास धरला, काचेच्या कांडीने ढवळलं, बाजूला झाला, मग सोडला. दिवसाला असे आठ नमुने होते.

संध्याकाळी धुरपताने विचारलं, "सुटला काय धूर?"

"पांढरा सुटला," तेजराम म्हणाला आणि गुळाचा डबा मागितला.