देवरावकाकांचं भेव

भीती वाटली की देवरावकाका ती बोलून दाखवत. मोठ्याने आणि चारचौघांत. दिग्रसच्या एसटीत चढण्याआधी ते ड्रायव्हरच्या खिडकीपाशी जाऊन सांगत, "मले भेव लागते, दादा. वळणावर हळू घेजो." मग आत येऊन बसत आणि दिग्रस येईपर्यंत समोरच्या सीटचा दांडा सोडत नसत. आम्ही तांड्यातले बंजारा लोक घरात आमची गोरबोली बोलतो, पण भीतीची गोष्ट काका वऱ्हाडीतच सांगत. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "आपल्या बोलीत सांगतलं तं आपल्यालेच समजते. भेव साऱ्याले समजलं पाह्यजे."

त्यांना विजांची भीती होती, विहिरीच्या काठाची होती, दवाखान्याच्या वासाची होती. तांड्यातली पोरं चिडवायची. एका होळीला तर भर घोळक्यात कुणीतरी ओरडलं, "काका, आता घागराच घाला!" सगळे हसले. काकांनी मात्र त्यावर खरंच विचार केला आणि म्हणाले, "घागऱ्यानं भेव जात असंन तं आण बापू, घालतो." त्याच काकांना मी शेजाऱ्याची बकरी काढायला विहिरीत उतरताना पाहिलंय. दोर धरून उतरत होते आणि खालपर्यंत एकच वाक्य ऐकू येत होतं, "मले भेव लागून राह्यलं... मले भेव लागून राह्यलं..." बकरी वर आली, मागून काका आले. वर आल्यावरही थरथरत होते आणि तेही त्यांनी लपवलं नाही.

त्यांच्याकडे दहा-बारा गावरान कोंबड्या होत्या. संध्याकाळी त्या परतल्या की एकेकीला उचलून काका तिच्या छातीच्या हाडावरून अंगठा फिरवत आणि विचारत, "भ्यायली काय बाई?" त्यांचं ठाम मत होतं की कोंबडीचं भेव छातीच्या हाडात जाऊन बसतं आणि तिथे हात फिरवला की निघून जातं. याला काही आधार नव्हता. पण त्यांच्या कोंबड्या हातात शांत बसत, हे खरं. त्यातली लालडी तर स्वतःच पायाशी येऊन उभी राहायची.

मी काकांच्या उलट. मला भीती वाटली की मी गप्प होतो आणि काहीतरी बंद करतो. दार, खिडकी, फोन, जे हाताशी असेल ते. कापसाच्या जिनिंगमधलं काम सुटल्यावर मी तांड्याच्या कडेला शेड टाकली आणि सुधारित गावरान जातीची पिल्लं आणली. दिवसभर माळावर चरायची, संध्याकाळी शेडमध्ये. वरून दुकानाचं तयार खाद्य. त्या पक्ष्यांवर आमचं घर चालायला लागलं होतं.

अशात एका हिवाळ्यात पुसदकडून बातमी आली की तिकडे कोंबड्या पटापट मरतायत. बर्ड फ्लू असावा. बातमी खरी की खोटी कुणाला ठाऊक नव्हतं. पण रोग निघाला तर आसपासचे सगळे पक्षी मारून खड्ड्यात पुरतात, एवढं सगळ्यांना माहीत होतं. तांड्यात एकही घर कोंबडीशिवाय नाही. बाया अंडी विकून तेल-मीठ आणतात.

मी त्याच दिवशी शेड बंद केली. कावळा नको, चिमणी नको, म्हणून चारही बाजूंच्या जाळीवर ताडपत्र्या आणि खताची पोती शिवून टाकली. खाद्याची गाडी दहा ठिकाणच्या फार्मवर फिरून येते, म्हणून खाद्य तोडलं आणि घरचा मका, तांदळाची कणी आणि शिंपल्याचा चुरा सुरू केला. मग मी काकांकडे गेलो.

"काका, तुमच्या मोकळ्या कोंबड्या रोग आणतील. माझ्या शेडमध्ये टाका."

"अंधारात?"

"अंधारात काही होत नाही त्यांना."

काकांनी लालडीला उचललं, छातीवर अंगठा फिरवला. "मले भेव लागते, प्रकाश," ते म्हणाले. मला वाटलं, रोगाचं म्हणतायत. मी त्यांच्या हातातून लालडी घेतली, मग बाकीच्याही नेल्या.

हिवाळा सरत आला तरी मी ताडपत्री उचलली नाही. आधी अंड्यांचं कवच पातळ झालं. सुनीता, माझी बायको, अंडी गोळा करायला गेली की दोन-तीन तिच्या बोटांतच फुटायची. मग एका सकाळी काही कोंबड्या गुडघ्यांवर बसलेल्या दिसल्या. हुसकावलं तर पंख फडफडवत, पण उठता येईना. दुसऱ्या दिवशी तशा आणखी दिसल्या. एकीला मी पकडायला गेलो, तिने झटका दिला आणि माझ्या हातात तिच्या पायाचं हाड मोडलं. तुरीची वाळकी काडी मोडावी तसा आवाज. तो आवाज अजून माझ्या हातात आहे.

मला एकच दिसत होतं. रोग आला. तोही माझ्याच शेडमध्ये. आता गाड्या येतील, अंगभर पांढरे कपडे घातलेली माणसं येतील आणि घराघरातून कोंबड्या ओढून नेतील. बसलेल्या कोंबड्या मी शेडच्या मागच्या कोपऱ्यात नेल्या आणि वर टोपल्या उपड्या घातल्या. सुनीता म्हणाली, "दवाखान्यात सांगून या." मी तिला म्हटलं, "तोंडातून शब्द काढू नको." तिच्यावर असा आवाज मी आधी कधी चढवला नव्हता.

काका रोज येत. "लालडी दाखव ना बा." मी म्हणायचो, "आत जाऊ नका, रोग लागेल." एक दिवस त्यांनी मला बाजूला सारलं. किरकोळ अंगाचा माणूस, पण मी अडवू शकलो नाही. आत जाऊन त्यांनी टोपल्या उचलल्या. तिसरीखाली लालडी होती. पाय पसरून बसलेली. काकांनी तिला मांडीवर घेतलं, छातीवर अंगठा फिरवला आणि मध्येच थांबले.

"हाड वाकडं झालं हो हिचं."

मी उचललेल्या टोपल्या पुन्हा उपड्या घालायला लागलो.

"प्रकाश, तुले भेव लागून राह्यलं. मंग बोलत काहून नाई?"

"बोललो तर साऱ्या तांड्याच्या कोंबड्या मारतील, काका. लोक मला सोडतील का?"

"नाई सोडनार," काका म्हणाले. "मलेही लागून राह्यलं. चाल, मी बोलतो. तू नुसता बाजूले उभा राह्य."

संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर उभं राहून काकांनी सगळं सांगितलं. आधी "मले भेव लागते," मग शेडमधली हकिकत, मग "उद्या दवाखान्यात जाऊन सांगतो." आरडाओरडा झाला. तांड्यातली शांताबाई पदर खोचून माझ्यासमोर आली. "माह्या कोंबड्याले कोनी हात लावला तं हात तोडीन त्याचा! तूच आनला ना रोग? मंग तूच मर!" कुणी काकांना म्हणालं, "कायले सांगता दवाखान्यात? गड्डा खंदून बुजवून टाका ना रातीच." काका म्हणाले, "अन् मंग तुह्या घरी निंघाला तं? तुलेही असाच गड्डा खंदा लागन. आपुन कितीक गड्डे खंदू?" लोक एकेक करून घरी गेले. सकाळी ड्रायव्हरला वळणांचं सांगून काका एसटीत बसले. मी शेजारी.

दिग्रसच्या जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर दुपारी आले. तोंडाला मास्क, हातात मोजे. ते पाहूनच बाया दारं लावून घरात गेल्या. डॉक्टरांनी नमुने घेतले. मग लालडीची चोच दोन बोटांत धरून दाबली. चोच रबरासारखी वाकली. मग त्यांनी छातीचं हाड चाचपलं आणि ताडपत्र्यांकडे पाहिलं.

"हे कधीपासून बांधलंय?"

मी सांगितलं. ते म्हणाले, "मला वेगळी शंका येतेय. पण तपासणीचं उत्तर येईपर्यंत एकही पक्षी बाहेर जाणार नाही."

उत्तर येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते नीट लिहिता येत नाही. रस्त्यावर गाडी वाजली की मी दार लावून घ्यायचो. तांड्यात माझ्याशी कुणी बोलत नव्हतं. काका तेवढे दिवसभर शेडच्या दाराशी बसून असत. मधूनच म्हणत, "लय भेव लागून राह्यलं बा." मी म्हणायचो, "काही नाही होत." 

शेवटी डॉक्टरांचा फोन आला. बर्ड फ्लू नव्हता. कुठलाच साथीचा रोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी येऊन समजावलं. "अंगावर ऊन पडलं की कोंबडीच्या शरीरात व्हिटॅमिन डी तयार होतं. ते नसेल तर कितीही शिंपला खाऊ घाला, त्यातला चुना हाडात उतरत नाही. हाडं मऊ पडतात, वाकतात, मोडतात. तयार खाद्यात ते घातलेलं असतं. तुम्ही ऊनही तोडलंत आणि खाद्यही."

रोगाला घाबरून मी जे बांधलं, त्यानेच त्यांची हाडं गेली. अन् तो रोग आमच्याकडे आलाच नव्हता.

ताडपत्र्या काकांनी आणि मी मिळून काढल्या. ऊन आत आलं तशा कोंबड्या मागे सरकल्या, भिंतीला चिकटल्या. बाहेर यायला तयार नव्हत्या. काकांनी एकेकीला उचलून माळावर नेऊन ठेवलं. पाण्यात औषध सुरू झालं, खाद्य परत आलं. काही मेल्या, बऱ्याच हळूहळू उठल्या. लालडीला काका रोज सकाळी मांडीवर घेऊन उन्हात बसायचे आणि घारीकडे लक्ष ठेवायचे. ती चालायला लागली, पण छातीचं हाड वाकडं ते वाकडंच राहिलं. काकांनी मला त्यावरून कधी एक शब्द ऐकवला नाही. ऐकवला असता तर बरं झालं असतं.

मागच्या पावसाळ्यात काका गेले. यवतमाळच्या दवाखान्यात, ऑपरेशनला आत नेताना त्यांनी माझा हात घट्ट धरला होता. "प्रकाश, मले भेव लागते. तुले?"

मी नेहमीप्रमाणे "काही नाही होत" म्हणणार होतो. पण त्यांचा अंगठा माझ्या मनगटावरून फिरत होता, कोंबडीच्या हाडावरून फिरायचा तसा. मी म्हटलं, "लागतं, काका. लय लागतं."

"मंग ठीक हाये," ते म्हणाले. त्यांनी हात सोडला. आत गेले ते परत आले नाहीत.

लालडी आता माझ्याकडे असते. संध्याकाळी तिला उचललं की अंगठा हाडावरून सरळ जातो आणि अर्ध्यावर एकीकडे वळतो.

मागच्या आठवड्यात पुन्हा बातमी आली. या वेळी नेरकडून. ऐकल्यावर मी घरी आलो आणि काय करतोय हे कळायच्या आत खाटेखालची ताडपत्री ओढून बाहेर काढली होती. सुनीता दारात उभी होती.  मी ताडपत्री तिथेच टाकली आणि देवळाच्या ओट्यावर गेलो. लोक नेहमीसारखे बसलेले होते. 

"मले भेव लागून राह्यलं," मी मोठ्याने म्हटलं.

 मग मागून कुणीतरी विचारलं, "घागरा आनू काय?"

"आन," मी म्हटलं. "पन आधी डॉक्टरले फोन लावून दे."

शांताबाई सरकली आणि ओट्यावर माझ्यासाठी जागा केली.