ड्रेसिंगच्या वेळचा समुद्र

कुकरचं झाकण उडालं आणि उकळती डाळ माझ्या उजव्या हातावर, मांडीवर आली. चेन्नईत अड्यारच्या आमच्या घराजवळच्याच एका इस्पितळात मला ठेवलं. नवरा रेल्वेत, सतत ड्यूटीवर. म्हणून सोबतीला सासूबाई. त्या तंजावरकडच्या, मी सोलापूरची. दोघींची भाषा मराठीच, पण आमचं कधी पटलं नव्हतं. कुकर मीच नीट लावला नाही, हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला तमिळमध्ये सांगत.

ड्रेसिंग बदलताना जखमेला चिकटलेली जाळीची पट्टी सोलून काढायचे. मी व्हरांड्यापर्यंत ऐकू जाईल इतकी ओरडायचे. मग एकदा तिथल्या तरुण डॉक्टरांनी कॉम्प्युटरला जोडलेला, हेल्मेटएवढा जड चष्मा आणला. तो चढवला आणि चहूकडे समुद्र. आमच्या इथल्या एन्नोरच्या किनाऱ्यासारखा काळपट नव्हे. निळा, आरपार दिसणारा. मान वळवावी तिकडे मासे. डाव्या हातातलं बटण दाबून त्यांच्यामागे जायचं. मांडीशी काहीतरी चाललंय हे कळत होतं, पण ते लांब कुठेतरी. संपलं म्हणाले तेव्हा मला खरं वाटेना.

बाहेर सासूबाई म्हणाल्या, "आज आवाज नाही आला. खेळ दिला की दुखत नाही, म्हणजे इतके दिवस नाटकच."

मन गुंतलं की वेदना कमी जाणवते, असं डॉक्टरांनी त्यांना समजावलं. त्यांनी मान हलवली आणि संध्याकाळी नवऱ्याला नाटकाचंच सांगितलं. तो गप्प बसला. मला त्याचा राग त्यांच्यापेक्षा जास्त आला.

पुढच्या ड्रेसिंगला मी चष्मा नाकारला. डॉक्टर वैतागले. मी म्हटलं, "आज सासूबाईंना आत उभं करा."

सासूबाई नको नको म्हणत असताना नर्सने त्यांना गाऊन, मास्क चढवला. जाळी निघू लागली. मी त्यांच्याकडे बघत ओरडले. त्यांनी नजर फिरवली तेव्हा म्हटलं, "इकडे बघा." अर्ध्यातच त्या भिंत धरत बाहेर गेल्या. मग मी चष्मा मागून घेतला.

नंतर बाकावर पदराने तोंड पुसत त्या म्हणाल्या, "इतकं दुखतं तर सांगायचं होतंस."

मी नर्सला पुढे चला म्हटलं. थांबले असते तर फार वाईट बोलले असते.

त्या पुन्हा आल्या नाहीत. नवऱ्याने रजा काढली. पुढच्या ड्रेसिंगला खोलीच्या दाराशी त्याने विचारलं, मी आत येऊ का. मी नको म्हटलं.