थंड मुसकं

व्हॉल्व्ह दुरुस्तीच्या त्या वर्कशॉपमध्ये तिला सगळे सीलताई म्हणत. खरं नाव गळ्यातल्या ओळखपत्रावर तेवढं उरलं होतं, आणि त्यावरचा फोटोही आता तिच्यासारखा दिसत नव्हता. काम बघायला गेलं तर चिमूटभर. बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्त झाला, ठरलेल्या दाबाला उघडतो आणि वेळेवर मिटतो हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, की त्याच्या टोपीच्या भोकातून तार ओवायची, तारेला शिशाची गोळी लावायची आणि पक्कडीने दाबायची. पक्कडीच्या जबड्यात वर्कशॉपचं चिन्ह कोरलेलं होतं. ते शिशावर उमटलं की पुढच्या तपासणीपर्यंत त्या व्हॉल्व्हला कोणीही हात लावायचा नाही, असा नियम.

नियमांच्या बाबतीत बाई भलती खट होती. मालकांनी एकदा घाईघाईत म्हटलं, की मिस्त्रीने टेस्ट बघितलीय, तू नुसतं सील लाव. तिने पक्कड टेबलावर ठेवली आणि चहा प्यायला निघून गेली. परत आली ती टेस्ट पुन्हा लावल्यावरच. मालक त्या दिवशी धुमसत होते, पण दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकाला तोच किस्सा छाती फुगवून सांगत होते. तिच्या हट्टावर वर्कशॉपचं पोट चालत होतं, हे त्यांनाही कळत होतं.

एका बॉयलरवर दोन व्हॉल्व्ह असले की धाकटा आधी उघडतो, थोरला त्याच्यापेक्षा जरा जास्त दाबाला. थोरल्याची परीक्षा घ्यायची तर तेवढा वेळ धाकट्याला गप्प बसवावं लागतं. त्यासाठी लोखंडी चिमट्यासारखा एक स्क्रू असतो, पिळायला दोन्ही बाजूंना कान असलेला. तो धाकट्याच्या डोक्यावर आवळला की आत कितीही वाफ कोंडली तरी तो तोंड उघडत नाही. वर्कशॉपमध्ये त्याला मुसकं म्हणत. काम झालं की मुसकं काढायचं, हे शेंबड्या पोरालाही कळेल. पण विसरलं तर काय होईल, याचा विचार करून सीलताईने स्वतःची एक पद्धत बसवली होती. मिस्त्रींनी मुसकं काढून तिच्या तळहातावर ठेवल्याशिवाय ती पिशवीतून पक्कड काढतच नसे. मिस्त्री तिला चिडवायचे, की सोनाराच्या पेढीवर बसायची ती इथे कुठे येऊन पडली. चिडवायचे, पण न चुकता हातावर मुसकं ठेवायचे.

वर्कशॉपच्या सर्टिफिकेटची मुदत संपली होती. नवं मिळण्यासाठी दुसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर येणार होते. ते सगळी हत्यारं बघणार, त्यांच्यासमोर एक व्हॉल्व्ह खोलून, दुरुस्त करून, टेस्ट करून दाखवायचा. नवं सर्टिफिकेट हातात येईपर्यंत वर्कशॉपमधल्या कोणीही कुठल्याही सीलला हात लावायचा नाही, हाही नियमच. त्यामुळे पक्कड कपाटात बंद होती आणि सकाळपासून साफसफाई चालली होती. सीलताई भिंतीवरच्या खिळ्यांना टांगलेली मुसकी उतरवून फडक्याने पुसत होती. वापरून वापरून सगळ्यांचा लाल रंग टोकाशी उडाला होता. एकाच मुसक्याचा रंग टोकापर्यंत जसाच्या तसा होता. हे नवं. जुन्याचे दोन्ही कान मोडले म्हणून करून घेतलेलं.

तिने ते उलटंपालटं करून पाहिलं. टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर एकदा जरी आवळलं असतं तरी रंग उडाला असता. हे मुसकं कधी वापरलंच गेलं नव्हतं. आणि हेच मुसकं दोन महिन्यांपूर्वी हॉस्पिटलच्या धुलाईघरात मिस्त्रींनी तिच्या तळहातावर ठेवलं होतं. तिला चांगलं आठवत होतं, कारण चकचकीत रंग बघून ती म्हणाली होती, की वा, नवी नवरी आली वाटतं.

आणखी एक गोष्ट आठवली. ते मुसकं थंड होतं. वाफेवर चालू असलेल्या व्हॉल्व्हवरून काढलेलं मुसकं फडक्यात धरून द्यावं लागतं, एरवी हाताला चटका बसतो. त्या दिवशी तिने ते उघड्या तळहातावर घेतलं होतं, हसली होती आणि सील लावलं होतं.

धुलाईघरातला बॉयलर तिचा दादा चालवत होता.

मिस्त्री बाकावर बसून व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा पुसत होते. तिने आवाज चढवला नाही, नुसतं विचारलं. मिस्त्रींना आधी काही आठवेना. मग आठवलं. नव्या मुसक्याचे आटे घट्ट होते, बसेना, म्हणून त्यांनी पिशवीतलं जुनं, कान मोडलेलं लावलं होतं. काढलं का? काढलंच असणार. काढल्याशिवाय टोपी बसते का? एवढं बोलून ते थांबले. कान असलेल्या मुसक्यावर टोपी बसत नाही. कान मोडलेल्यावर बसते. मिस्त्रींच्या हातातलं फडकं तिथल्या तिथे राहिलं.

"ते जुनं कुठाय?" तिने विचारलं.

"पिशवीत असेल."

पिशवी ओतली. पाने, पट्ट्या, तपकिरीची डबी आणि एक मोडक्या कानांचं मुसकं. दोघांनीही सुटकेचा श्वास घेतला, पण मिस्त्रींनी ते उजेडात धरलं आणि मान हलवली. हे दुसरं होतं. याच्याही आधीचं. अशी जुनी मुसकी ते भंगारात टाकत नसत, अडीअडचणीला असू देत म्हणून पिशवीत ठेवत. किती होती? त्यांनी खांदे उडवले. असतील तीन-चार, मोजतंय कोण.

मालकांनी दार लावून घेतलं आणि दोघांचं ऐकून घेतलं. माणूस काही राक्षस नव्हता. त्यांचाही चेहरा उतरला. पण सर्टिफिकेट उद्यावर आलेलं. कोणाच्या सीलखाली मुसकं सापडलं तर त्या माणसाचं नाव सील लावणाऱ्यांच्या सरकारी यादीतून कायमचं उडतं आणि वर्कशॉपला टाळं लागतं, हे तिघांनाही पाठ होतं. मालक म्हणाले, थोरला व्हॉल्व्ह तर ठीक आहे ना, बॉयलर काही उघडा पडलेला नाही. दोन महिने चालला तसा आणखी एक दिवस चालेल. उद्या इन्स्पेक्टर सही करून गेले की लगेच जाऊ, गुपचूप मुसकं काढू, नवं सील लावू. आज तोडलं तर सर्टिफिकेट नसताना सील तोडल्याचा गुन्हा वेगळाच.

बोलणं अगदी नियमाला धरून होतं. सीलताईने मान डोलावली, जाग्यावर जाऊन बसली आणि मुसकी पुसू लागली. एकच मुसकं ती बराच वेळ पुसत होती. मग उठली, चपला घातल्या, कपाटातून पक्कड काढून पिशवीत टाकली आणि कोणाला काही न सांगता बाहेर पडली.

धुलाईघर हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला होतं. ओल्या चादरींचा आणि साबणाचा वास, भिंतीला लागून गरगरणारी मोठमोठी यंत्रं, आणि शेवटच्या दारापलीकडे बॉयलर. दादा स्टुलावर बसून डबा उघडण्याच्या तयारीत होता. बहिणीला बघून खूश झाला. आई गेल्यावर यानेच तिला शिकवलं होतं, तिच्या सासरच्यांनी तिला नोकरी सोडायला सांगितलं तेव्हा हाच दारात जाऊन भांडला होता. म्हणाला, बरी आलीस, चार घास खा.

ती वर बघत होती. धाकट्याच्या टोपीवर तिचं सील होतं, तार जशीच्या तशी. थोरल्याच्या तोंडाशी पांढरा थर चढला होता, किटलीच्या आत चढतो तसा. थेंब थेंब गळणाऱ्या व्हॉल्व्हला तो चढतो, आणि पुढे एक दिवस व्हॉल्व्ह त्यानेच चिकटून बसतो.

दादा कौतुकाने सांगू लागला. पूर्वी जेवणाच्या सुट्टीत सगळी यंत्रं एकदम बंद झाली की वाफेला जायला वाट नसायची, दाबाचा काटा चढायचा आणि धाकटा रोज बोंब मारायचा. बर्नर आपोआप बंद करणारं बटण लहरी, दहादा सांगूनही कोणी दुरुस्त केलं नाही. पण तुम्ही दुरुस्ती करून गेलात तेव्हापासून धाकटा एकदम शहाणा झालाय. काटा लाल रेघेच्या पार जातो, तरी हूं नाही की चूं नाही. थोरला तेवढा जरा कण्हतो. तोही या आठवड्यात गप्प झालाय.

"तुझ्या हाताला गुण आहे," दादा म्हणाला.

बाहेर यंत्रं एकेक करून थांबू लागली होती. जेवणाची सुट्टी झाली होती. गरगर थांबली तशी बर्नरची घरघर स्पष्ट ऐकू येऊ लागली, आणि काटा हलला.

तिने त्याला बर्नर बंद करायला सांगितलं. दादाने तिच्याकडे नीट पाहिलं. ऑपरेशनच्या खोल्यांचे कपडे निर्जंतुक व्हायचे होते, वाफ उतरली तर मॅनेजर डोक्यावर बसणार, कारण विचारणार. कारण काय सांगू, असं त्याने विचारलं. काटा लाल रेघेला टेकला होता.

"धाकट्याला मुसकं आहे, दादा. माझ्या सीलखाली."

त्याने दुसरं काही विचारलं नाही. हात लांब करून बर्नर बंद केला, तेलाची चावी फिरवली आणि वाफ सोडायची तोटी उघडली. दोघं दाराशी जाऊन उभी राहिली. काटा लाल रेघेच्या पुढे सरकला, तिथेच थरथरत राहिला. वर दोन्ही व्हॉल्व्ह मुके. दादाने तिचा दंड धरून ठेवला होता, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा. काटा एकदाचा मागे वळला तेव्हा त्याने दंड सोडला. तिथे बोटांचे वळ उठले होते.

मॅनेजरला सांगावं लागलं आणि मॅनेजरने इन्स्पेक्टरला बोलावलं. उद्या वर्कशॉपमध्ये येणारे इन्स्पेक्टर आज दुपारीच इथे आले. शांत, मितभाषी गृहस्थ. तिने सगळं सांगितलं, मिस्त्रींचं, मालकांचं आणि स्वतःचं. पक्कडही पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

"सील तुमचं आहे. माझ्यासमोर तुम्हीच तोडा," ते म्हणाले.

दाब उतरून शून्यावर आला होता. ती शिडी चढली, शेजारी दुसरी शिडी लावून इन्स्पेक्टरही. स्वतःच्या हाताने लावलेली तार तोडताना तिला रडू आलं. शिशावरचं चिन्ह अजून स्वच्छ होतं. पंधरा वर्षांत तिने एकही सील वाकडं लावलं नव्हतं, आणि हेही वाकडं नव्हतं. इन्स्पेक्टरांनी टोपी फिरवून काढली. खाली मोडक्या कानांचं मुसकं दांड्यावर घट्ट बसलेलं होतं. सवयीने तिने तळहात पुढे केला. त्यांनी ते पान्याने सैल केलं, फडक्यात धरून बाहेर काढलं आणि तिच्या हातावर ठेवलं.

ते गरम होतं. चटका बसला तरी तिने हात मागे घेतला नाही. खालून दादा ओरडला, टाक ते. तिने टाकलं नाही.

"मिस्त्रींच्या पिशवीत अशी किती होती?" इन्स्पेक्टरांनी विचारलं.

"तीन-चार, म्हणाले."

"आत्ता पिशवीत किती आहेत?"

"एक."

इन्स्पेक्टरांनी खिशातून फोन काढला आणि तिने मिस्त्रींच्या सोबतीने कुठे कुठे सील लावलं ते विचारलं. ती शिडीवरूनच सांगू लागली. रंगाचा कारखाना. मोठी शाळा. दुधाची डेअरी. एकेक बॉयलर डोळ्यांसमोर येत होता, एकेका ठिकाणी पुढे केलेला आपला तळहात दिसत होता. त्यावर मुसकं प्रत्येक वेळी पडलं होतं, याबद्दल तिला तीळमात्र शंका नव्हती. ते फडक्यातलं गरम होतं की उघडं आणि थंड, ते मात्र कुठलंच आठवेना. तिने कधी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. मुसकं हातावर आलं, एवढंच बघितलं होतं.

"डेअरी," इन्स्पेक्टर फोनवर नंबर दाबत म्हणाले. "तिथे यंत्रं कधी थांबतात?"

पाळी बदलताना, असं ती सांगायला गेली तेवढ्यात रस्त्यापलीकडून डेअरीचा भोंगा झाला.