विनायकरावांची रेषा

माणसाचं खरं चारित्र्य ताशी दोनशे किलोमीटरच्या वेगाला उघडं पडतं. हे वाक्य माझं नाही. ते माझे मेहुणे विनायकराव यांचं आहे, आणि त्यांनी ते मला दोह्याच्या विमानतळावर, वाहनतळातून बाहेर पडायचा रस्ता दुसऱ्यांदा चुकल्यावर सांगितलं.

साताऱ्यात इतिहास शिकवून मी नुकताच निवृत्त झालो होतो. धाकट्या बहिणीचा, नलूचा, बरीच वर्षं आग्रह होता, म्हणून कतारला निघालो. दोहा तेव्हा अर्धं बांधलेलं आणि अर्धं खणलेलं होतं. जिकडे पाहावं तिकडे क्रेन. दर चौकात दव्वार (मधोमध गोल बाग असलेला चौक) आणि दर दव्वारात काहीतरी भव्य, कुठे सिमेंटचा शिंपला, कुठे माणसापेक्षा मोठी अत्तरदाणी. ज्या गावात फेरफटका मारायला ऊन परवानगी देत नाही, तिथे शिल्पं गाडीतूनच बघायची असतात आणि म्हणून ती मोठी करतात, असा मी निष्कर्ष काढला.

विनायकराव चारित्र्याबद्दल बोलत होते. तेवढ्यात मागून एका पांढऱ्या धिप्पाड जीपने दिवे दोनदा उघडमीट केले. वाक्य न तोडता विनायकरावांनी गाडी उजवीकडच्या संथ पट्ट्यात घेतली. जीप वाऱ्यासारखी निघून गेली.

"हे काय?" मी विचारलं.

"काही नाही. त्याला जायचं होतं."

"आपल्याला नव्हतं?"

"दादा, मला अकरा वर्षं झाली इथे," ते म्हणाले. हे उत्तर आहे, असं त्यांना मनापासून वाटत होतं.

त्यांचं घर फरीज बिन ओमरानमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. खाली मंगळूरकराचं किराणा दुकान, समोर धोबी, कोपऱ्यावर कराक (घट्ट दुधाचा उकळलेला चहा) देणारी टपरी. तिच्यासमोर गाडी उभी करून हॉर्न वाजवला की चहा खिडकीत येतो. उतरायचं नाही, अशी पद्धत. घरात शिरल्याबरोबर देवघराशेजारच्या फळीवर एक शिरस्त्राण दिसलं. त्यावर विनायकरावांचं नाव आणि रक्तगट होता. देवापुढे निरांजन होतं आणि शिरस्त्राणावर धूळ नव्हती.

विनायकराव बांधकाम साहित्याच्या एका कंपनीत हिशेब बघतात. वय अठ्ठेचाळीस. पुण्यात असताना ते लुना चालवायचे आणि उतारावर दोन्ही पाय खाली सोडायचे, हे मी स्वतः पाहिलेलं. पण गेली दोन वर्षं ते सुट्टीच्या दिवशी, शहराच्या उत्तरेला वाळवंटात बांधलेल्या सर्किटवर, हौशी लोकांसाठी ठेवलेल्या वेळात गाडी पळवायला जात होते. आता पुढच्या आठवड्यात हौशी चालकांची चार तासांची शर्यत होती. एका गाडीला तीन चालक, आळीपाळीने. तिसरी जागा विनायकरावांना मिळाली होती. मिळाली होती म्हणजे अजून काढून घेतली नव्हती.

"वळणात हळू शिरायचं आणि वेगात बाहेर पडायचं," जेवताना ते मला समजावत होते. "आणि नजर नेहमी पुढच्या वळणावर. हे आयुष्यालाही लागू आहे."

"मामा, ही इज ऑब्सेस्ड," माझी भाची सई म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं. उत्तर मात्र ती परदेशी पाहुण्याला द्यावं तसं देते.

जेवण झाल्यावर विनायकराव खुर्चीत डोळे मिटून बसले आणि पितळी परात दोन्ही हातांत धरून मनातल्या मनात सर्किटची फेरी मारू लागले. परात डावीकडे वळे, उजवीकडे वळे, पाय गालिचावर ब्रेक दाबत. संध्याकाळी पुन्हा तेच. नलू स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"अहो, वळण संपलं असेल तर परात द्या. कणीक मळायचीय."

"एक मिनिट. शेवटचं डावं वळण."

"ते घ्या चहाच्या ट्रेवर."

दुसऱ्या दिवशी आम्ही सनैयात (कारखाने आणि गॅरेजांची वस्ती) गेलो. शर्यतीची गाडी हमीदभाईंच्या गॅरेजात होती. हमीदभाई दापोलीकडचे. पंचवीस वर्षांपूर्वी आले आणि आता चार गाळ्यांचे मालक. आवाज असा की शेजारच्या गाळ्यातला वेल्डिंग करणारा दचकावा. स्वतःला ते आखातातले सर्वोत्तम चालक मानतात आणि ही गोष्ट ते कोणापासून लपवत नाहीत. संघाचा कप्तान डेरेक हा तेलाच्या कंपनीतून निवृत्त झालेला इंग्रज. तो दुधाविना चहा पीत एका टायरवर बसला होता, आणि विनायकरावांचं काय करायचं यावर दोघांची चर्चा चालू होती. विनायकराव समोर उभे होते, त्याचं दोघांनाही काही वाटत नव्हतं.

"साहेब, तुमचे मेहुणे चालवतात बरं," हमीदभाई मला म्हणाले. "ब्रेक बरा, वळण बरं. पन मागून कोणी जरा डोळा मारला, की हे रस्ता सोडून पळतात. लगीन झालेल्या मानसाला हे शोभतं काय?"

मग डेरेकने मला नियम सांगितला. अशा शर्यतीत वेगवान आणि संथ गाड्या एकाच वेळी पळतात. प्रत्येक वळणातून जायची एक उत्तम रेषा असते. मागून वेगवान गाडी दिवे दाखवत आली तरी पुढच्याने ती रेषा सोडायची नाही. सोडली की मागच्याला अंदाज येत नाही, आणि टक्कर होते. बाजूने वाट काढायची ती मागच्याने.

"रेषा याची आहे," डेरेक म्हणाला. "मागच्याला घाई असेल तर ती मागच्याची अडचण." ज्यांनी दीडशे वर्षं कोणाला वाट दिली नाही, त्यांच्याकडून हा धडा मिळावा हे इतिहासाच्या शिक्षकाला योग्यच वाटलं.

शुक्रवारी सरावाला मी विनायकरावांच्या शेजारी बसलो. हौशी दिवसांत शेजारी पाहुणा बसवता येतो. पाहुण्याने कागदावर सही करून आपला जीव स्वखुशीने आणल्याचं मान्य करायचं असतं. एका गोष्टीची नोंद करणं माझं कर्तव्य आहे. हा लुनावाला माणूस खरोखर चांगली गाडी चालवत होता. ब्रेक एकदाच, ठाम. हात शांत. वळणाच्या आतल्या काठाला चाक असं घासून जाई, की नलूला कणीक न मळता आलेल्या त्या सगळ्या संध्याकाळी सत्कारणी लागल्यासारख्या मला वाटल्या. 

पाचव्या वळणावर मागून दिवे चमकले. शेजारी बसलेला शांत, ठाम चालक क्षणात नाहीसा झाला आणि त्याच्या जागी विमानतळाच्या रस्त्यावरचा हिशेबनीस आला. गाडी बाजूला, तिथून आणखी बाजूला, आणि मग सरळ वाळूत. काचेवर पिवळी धूळ बसली. तीतून पाहिलं तर विनायकराव हात वर करून निघून गेलेल्या गाडीची क्षमा मागत होते.

"सॉरी, दादा. हात आपोआप वळतो."

"खलास," डेरेक गॅरेजात म्हणाला. त्याला अरबीतले तीनच शब्द येत आणि हा त्यातला आवडता. विनायकरावांची जागा त्याला एका दंतवैद्याला द्यायची होती. हमीदभाईंनी बराच आरडाओरडा केला तेव्हा तोडगा निघाला. विनायकराव शर्यतीत उतरतील, पण मागच्याला पाहून एकदा जरी रेषा सोडली तर त्यांना तिथेच आत बोलावून उरलेली पाळी डेरेक चालवील, आणि पुन्हा त्यांना गाडी मिळणार नाही.  त्या संध्याकाळी परात नलूला वेळेवर मिळाली, आणि तिलाच करमेना.

शर्यतीच्या दिवशी आम्ही डबा घेऊन गेलो. वाळवंटात एवढा डांबरी रस्ता, आणि तो कुठेही जात नाही, हे दृश्य मला फार प्रामाणिक वाटलं. गाड्या चौदा होत्या. मुख्य पाहुण्यांसाठी तंबूत सोनेरी हातांचे सोफे मांडले होते, पुढे खजूर आणि वेलदोड्याच्या कॉफीच्या सुरया. पाहुणे यायचे होते म्हणून वेगाची स्पर्धा बराच वेळ जागच्या जागी उभी राहिली. ते आले, तीन भाषणं झाली, प्रत्येकात 'जागतिक दर्जा' आला, आणि मग इंजिनं सुरू झाली. प्रेक्षकांत चालकांच्या बायका, मुलं आणि आम्ही. सोफ्यांवर बसलेले जास्त होते.

पहिली पाळी हमीदभाईंची. ते उतरले तेव्हा आम्ही सहावे होतो. हे त्यांनी सर्वांना स्वतंत्रपणे सांगितलं. डेरेकची पाळी झाल्यावर, दुपार कलत असताना, विनायकराव आत बसले. पट्टे आवळताना त्यांचा चेहरा शिरस्त्राणात दिसत नव्हता, पण एक हात आरसा सारखा करत होता. सुरुवातीच्या फेऱ्या चांगल्या गेल्या. डेरेक हातातल्या घड्याळाकडे बघून मान हलवी आणि ती मान होकाराची आहे हे लपवायचा प्रयत्न करी.

मग सरळ रस्त्याच्या टोकाला एक पिवळी गाडी दिसली. ती विनायकरावांच्या मागे येऊन चिकटली आणि दिवे दाखवू लागली.

नलूने माझा दंड धरला. "दादा, ती नासरची गाडी."

"कोण नासर?"

"यांच्या कफीलचा पुतण्या. ऑफिसच्या दारात तीच उभी असते."

कफील म्हणजे ज्याच्या नावावर तुमचा व्हिसा असतो तो मालक. फरीज बिन ओमरानचा फ्लॅट, सईची शाळा, तिघांचं या देशात असणं, सगळं त्याच्या एका सहीवर उभं होतं. पुतण्या घरी जाऊन एक वाक्य बोलला की पुरे.

"हमीदभाई, यांना सांगा ना, सोडा म्हणावं!"

"वहिनी, शर्यत हाय ही. वरात नाय."

"व्हिसा तुमच्या बापाचा आहे का?"

चालकाला काही कळवायचं तर त्याच्या गाडीपुढे फळी धरायची, एवढीच तिथे सोय होती. फळीवर आकडे लिहितात. नलूने हमीदभाईंच्या हातातून फळी ओढली, खडू घेतला आणि जागतिक दर्जाच्या त्या सर्किटवर ठसठशीत देवनागरीत लिहिलं: 'अहो, बाजूला व्हा.' नवऱ्याचं नाव तिने याही प्रसंगी घेतलं नाही.

दोन्ही गाड्या वळणावळणांतून चालल्या होत्या. पिवळे दिवे थांबत नव्हते. पाचवं वळण आलं.  विनायकराव जागचे हलले नाहीत. सहावं, सातवं, चाक काठाला घासून, जसं परात हातात धरून घासायचं तसं. शेवटच्या डाव्या वळणातून ते बाहेर पडले तेव्हा नलू रस्त्याकडेच्या भिंतीवर वाकून फळी हलवत होती. गाडी तिच्यासमोरून सुसाट गेली, रेषेवरून. पुढे सरळ रस्त्यावर नासरने गाडी बाजूला काढली, वाट शोधली आणि नियमाप्रमाणे तो पुढे गेला.

डेरेकने टोपी काढली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वाळूही असू शकेल. हमीदभाई "शाब्बास, वाघा!" म्हणून ओरडले. नलू खाली बसली आणि म्हणाली, "आता सामान बांधायला घेऊ."

आम्ही सातवे आलो. बक्षीस समारंभ शर्यतीपेक्षा थोडाच लहान होता, आणि भाग घेतलेल्या प्रत्येकाला चषक होता, जेणेकरून हरण्याचा अपमान कोणाचाही होऊ नये. तिथे गर्दीतून नासर आमच्याकडे आला. उंच, तरुण, अंगाला उदाचा वास. नलूने सईचा हात घट्ट धरला.

"माझ्यापुढे होतास तो तूच?" त्याने विनायकरावांना इंग्रजीत विचारलं.

"येस सर."

"या शहरात मी दिवे दाखवले की लोक रस्त्याखाली उतरतात. पूर्ण फेरीभर न हललेला तू पहिलाच माणूस." मग त्याने विनायकरावांना मिठी मारली. "कोणी शिकवलं तुला?"

"मी," डेरेक म्हणाला.

"मी," हमीदभाई म्हणाले.

"शुक्रन, सर, शुक्रन," विनायकरावांनी अरबीत आभार मानले. नासर त्यांना हाताला धरून सोफ्यांकडे घेऊन गेला आणि तिथे बसलेल्या काकाला, म्हणजे कफीललाच, त्यांच्याबद्दल काही सांगू लागला. त्या संध्याकाळी त्यांना सोनेरी हातांच्या सोफ्यावर बसून खजूर खाताना मी पाहिलं. ते टोकावर बसले होते.

माझे मुक्कामाचे पंधरा दिवस संपले. विमानतळावर निरोप घेताना मला राहवलं नाही.

"विनायकराव, खरं सांगा. त्या फेरीत भीती नाही वाटली?"

त्यांनी नलू ऐकत नाही ना, ते पाहिलं.

"कसली भीती? गाडीत बसल्याबसल्या मी आरसा छताकडे वळवून ठेवला होता. दिवे दिसले असते तर हात वळलाच असता. पिवळी गाडी बाजूने पुढे गेली तेव्हा कळलं, कोण होतं. पण तोवर झालं होतं."

"आणि फळी?"

"'अहो' एवढंच वाचता आलं. ते रोजचंच."

परतीच्या विमानात मी पुष्कळ विचार केला. धैर्य म्हणजे मागे कोण आहे हे माहीत असून जागा न सोडणं, असं मी तीस वर्षं वर्गात शिकवत आलो. आता वाटतं, आमच्यासारख्या माणसांना मागे कोण आहे ते न बघण्याची सोय करून घ्यावी लागते, आणि तीही मनापासून, कौशल्याने केली तर तिला कमी लेखू नये. विनायकराव खरोखर सुधारले होते. त्या फेरीत त्यांचे हात त्यांचे होते.

महिन्याभराने नलूचा फोन आला. नोकरी शाबूत आहे. उलट कफील फार खूश आहेत. नासरच्या धाकट्या भावाला गाडी शिकवायचं काम त्यांनी विश्वासाने विनायकरावांवर सोपवलं आहे. पगार तोच. शिकवणी दर सुट्टीच्या दिवशी असते, त्यामुळे सर्किटवर जायला विनायकरावांना आता वेळ मिळत नाही. त्यांची जागा दंतवैद्याला दिली आहे.