डब्याचा रंग आणि ओटीचं पातळ

धुवायच्या कपड्यांचे खिसे मी आधी उलटे करून बघते. लग्नापासूनची सवय आहे, आणि ती कधी वाया गेलेली नाही. त्या उन्हाळ्यात ह्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात कागदाची पुडी निघाली. आत सुकलेल्या रंगाचे पोपडे, नखाएवढे, हिरवट. पुडी होती तशी ठेवली आणि गप्प बसले. गप्प म्हणजे नजर ठेवून.

हे तेव्हा पुलगाव-आर्वीच्या छोट्या गाडीवर गार्ड होते. ऐंशी सालच्या आगेमागेची गोष्ट. स्टेशनात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरणार होतं. ह्यांचा सुतारकामात हात चांगला, म्हणून मोठ्या साहेबांनी फर्मावलं की गाडीचं मॉडेल करा, पण रंग जुन्या काळचा हुबेहूब पाहिजे. सागाचं इंजिन झालं, डबे झाले, दारांना बारीक कड्यासुद्धा लागल्या. इंजिन काळं करून टाकलं, डबे मात्र कोरेच पडून होते. विचारलं की म्हणत, "रंगाची चौकशी करून राह्यलो."

चौकशी म्हणे! एक म्हातारा फायरमन सांगे हिरवा, दुसरा सांगे विटकरी. शेवटी ह्यांनी यार्डात पडलेल्या मोडक्या डब्याचं दार चाकूनं खरवडलं. एकावर एक थर निघाले. सगळ्यात तळाचा तो जुना रंग. पुडीतले पोपडे त्याचेच होते. हे त्यांनीच मला सांगितलं, आणि पटलंही. मग तसा रंग आणून लावायचा सोडून हा माणूस दुपारी पुडी घेऊन जात कुठे होता?

शेजारच्या क्वार्टरात! कुंपणाच्या बोरीआडून मी डोळ्यांनी पाहिलं. तिथल्या शेजारणीचा नवरा पॉइंट्समन, दुपारी ड्यूटीवर. ही बाई ओट्यावर बसलेली, पुढे रंगाचे डबे उघडे. एकेका झाकणाशी पोपडा धरून ती हळू आवाजात काहीतरी सांगे आणि आमचे हे शाळेतल्यासारखी मान डोलवत. घरी माझ्याशी चार शब्द बोलायचे तर जिवावर येतं, आणि इथे काय गोडी! माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली.

जुनं दुखणंही वर आलं. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात माझी ओटी भरायची होती. तेव्हा हिरवं पातळ लागतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. हे वर्ध्याहून मोठ्या हौसेनं पातळ घेऊन आले. उघडलं तर चॉकलेटी! बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी नणंदेचं हिरवं नेसून पाटावर बसले. माझ्यासाठी घेतलेलं पातळ भलतीकडे गेलं आणि तिचं माझ्याकडे आलं, हे मी तेव्हाच ओळखलं होतं. विचारलं मात्र नाही. ते पातळ ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलं, पुरावा म्हणून.

आज विचारायचंच, असं म्हणून मी सरळ त्या ओट्यावर जाऊन उभी राहिले. "काय चालू हाय इथं?"

ह्यांनी पुडी मिटून खिशात घातली. शेजारीण म्हणाली, "सांगून टाका भाऊ वैनीले." मग तीच बोलली. "भाऊले हिरवा अन् तपकिरी एकसारखा दिसते, वैनी. लालाचंबी तसंच. माह्या भावाले असंच हाय. त्याले रेल्वेनं डोळ्याच्या तपासणीतूनच वापस धाडलं. म्हणून मले समजलं."

ट्रंकेतलं पातळ आठवलं आणि मी रंगाचे डबे बाजूला सारून ओट्यावर बसले.

"मग तुमी पास कसे झाले?"

"तपासणीच्या रंगीत ठिपक्याच्या पुस्तकातले आकडे पाठ करून गेलतो," हे म्हणाले.

"अन् लाल बावटा?"

"त्याच्या काडीले खाच हाय. हाताले समजते."

"अन् एखाद दिवशी कोणाचा जीव गेला म्हंजे?"

"लायनीवर गाडीच एक हाय. धडकल कोणाले?" असं म्हणाले खरे, पण माझ्याकडे न बघता. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. कोणाला कळलं असतं तर नोकरी गेली असती, आणि नोकरीबरोबर डोक्यावरचं छप्परही.

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तुले सांगतलं असतं तर साऱ्या पुलगावले समजलं असतं."

असा राग आला! खोटं नव्हतं म्हणून जास्तच आला.

डबे मग मी रंगवले. हिरव्यात थेंब थेंब काळा घालत पोपड्याशी जुळवला. शेजारणीला ब्रशसुद्धा धरू दिला नाही. माझी तेवढी खात्री अजून पटली नव्हती.

प्रदर्शनात मोठे साहेब मॉडेलपुढे थांबले. शेजारी रंगवलेल्या दोन फळ्या ठेवल्या होत्या, एक जुन्या रंगाची, एक नंतरच्या तपकिरी रंगाची. साहेबांनी त्या उचलून बघितल्या, परत ठेवल्या आणि ह्यांना म्हणाले, "यातला जुना रंग कोणता, सगळ्यांना दाखवा बरं." ह्यांचा हात उचलला गेला आणि दोन फळ्यांच्या मध्येच थांबला. साहेब बघत होते, सगळं स्टेशन बघत होतं.

मी पदर खोचून पुढे घुसले. "त्याइले काय इचारता साहेब? त्याइले काय समजते रंगातलं! लाकूड त्याइचं, रंग माहा. म्या ब्रशले हात लावू देल्ला नाई!" आणि हिरवी फळी उचलून साहेबांच्या नाकासमोर धरली.

लोक खो खो हसले. साहेबही हसून पुढे गेले. ही बाई नवऱ्याला चारचौघांत तोंड उघडू देत नाही, असं तेव्हापासून कॉलनीत माझं नाव झालं. झालं तर झालं, माझं काय जातं!

घरी येऊन ट्रंक उघडली. तळाचं पातळ काढून झटकलं, नेसले, आणि चहा घेऊन बाहेर आले. हे बघतच राहिले.

"नेसली वं शेवटी," ते म्हणाले. "मले वाटे, तुले आवडलंच नाई. हिरवं किती शोभते तुले."

मी अंगावरच्या चॉकलेटी पदराकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "हिरवंगार हाय."