धृतराष्ट्राला कुणी विचारलं नाही

माझ्या नवऱ्याची नजर काचबिंदूनं गेली, तेव्हा मी कुपवाडच्या एका कारखान्यात पॅकिंगला होते. हे फौजेतून निवृत्त होऊन नुकतेच घरी आले होते. विश्रामबागेतल्या आमच्या दोन खोल्यांत ते दाराला, खुर्चीला, मला धडकत फिरू लागले आणि मी नोकरी सोडली. कुणी सोड म्हणालं नव्हतं. मग बाकीचंही सुटत गेलं. ह्यांना दिसत नाही म्हणून मी टीव्ही लावेना, लग्नाकार्याला जाईना. गच्चीवर वाळलेले कपडे काढताना आभाळ छान रंगलेलं दिसलं, तरी मी चोरी केल्यासारखी खाली यायचे.

साताऱ्याकडच्या गावाहून सासूबाई राहायला आल्या की शेजारणींना सांगायच्या, "आमची सून म्हंजी गांधारी हाय." बायका माझ्याकडे आदरानं बघायच्या. त्या आदरात मला हलायलाही जागा नसायची.

गेल्या वर्षी देवळात महाभारतावर प्रवचन होतं. आम्ही तिघं गेलो. नवरा आंधळा म्हणून गांधारीनं स्वतःच्या डोळ्यांवर पट्टी बांधली, तो प्रसंग बुवांनी फार रंगवून सांगितला. सासूबाईंनी माझा हात दाबला. पुढच्या दोघीतिघी वळून हसल्या. मला उठून जावंसं वाटत होतं, पण ह्यांचा हात माझ्या खांद्यावर होता.

घरी येताना हे मधेच थांबले. "त्या धृतराष्ट्राला कुणी इचारलं व्हतं का?"

"काय?" मी म्हणाले.

"बायकोनं पट्टी बांधावी का म्हणून. घरात दोन डोळं आलं व्हतं, तेबी तिनं झाकलं. पोरं काय करत्यात, कोण खोटं बोलतंय, हे त्याला सांगणार कोण?"

"आरं, पतिव्रता व्हती ती," सासूबाई म्हणाल्या. "असं बोलू नये."

हे पुढं चालू लागले. घरी आल्यावर मात्र मला राहवेना. "म्हणजे माझं चुकलं?"

"चुकलं न्हाई. पर कामावरनं आलीस की किती सांगायचीस. कोण कुणाशी भांडलं, रस्त्याला कुठं खड्डा पडला. आता दिवसभर शेजारी बसतीस आन् गप असतीस. मला हे घर लय लहान झालंय."

मी समजत होते, कोंडली गेले ती मी एकटीच.

जुनी नोकरी परत मिळाली नाही. माधवनगरला एका यंत्रमागाच्या शेडमध्ये अर्ध्या दिवसाचं काम मिळालं. सासूबाई रुसून गावी गेल्या. पहिल्या दिवशी निघताना मी दाराला बाहेरून कडी घातली.

"कडी काढ," आतून हे म्हणाले.

"अहो, खाली रस्त्यावर गाड्या असतात."

"ठाऊक हाय. काढ."

मी काढली, पण जिन्यातच उभी राहिले. आत खुर्ची सरकली, भांडं पडलं, मग नळ सुरू झाला. नळ बंद झाल्यावर मी उतरले.

कामावर अजून मन लागत नाही. मागांच्या खडखडाटातही कान घराकडेच असतात. घरी पोचले की हे विचारतात, "आज काय बघितलंस?" मी सांगते. सांगण्यासारखं काहीच घडलेलं नसेल, तरी ते दाराजवळ खुर्ची घेऊन बसलेले असतात. मग चप्पल काढता काढता, आज ह्यांना काय सांगायचं ते मी शोधत असते.